खंडेनवमीची पेटी

“हात दे इकडे,” अण्णा म्हणाला.

मी काउंटरला टेकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा होतो. छापलेलं काहीही दिसलं की वाचत सुटायचं, ही माझी जुनी खोड. मी न बघताच डावा हात पुढे केला.

“उजवा रे.”

त्यानं माझ्या तळहातावर एक नोज प्लायर ठेवली. लांब, निमुळत्या चोचीची पक्कड.

“पूर्ण उघड. आता मीट. परत उघड. अंगठा ताणतोय का?”

“थोडासा.”

“मग नको.” त्यानं ती बाजूला सारली आणि दुकानदाराला म्हणाला, “हसमुखभाई, याहून बारकी काढा. मुठी जवळ पाहिजेत.”

हसमुखभाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि मग तोंडाकडे. “अण्णा, हे तर बांगड्या भरायचे हात आहेत! या हातांना पक्कड कशाला? लेखणी द्या.”

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली.

“म्हणूनच तर आणलाय त्याला,” अण्णा म्हणाला. तो हसला नाही.

मी हात मागे घेतला आणि खिशात घातला. अण्णाचं हे वाक्य पुढे चाळीस वर्षं माझ्याबरोबर राहिलं.

त्र्याऐंशी सालचा भाद्रपद होता. पुण्यातली बुधवार पेठ, सकाळचे अकरा-साडेअकरा. फलटणहून आम्ही पहाटेच्या एसटीनं निघालो होतो. फलटणला अण्णाचं ‘कानडे रेडिओ’ नावाचं दुकान होतं, वडिलांनी सुरू केलेलं. मी तिथल्याच नगर वाचनालयात सहायक होतो. पुस्तकांची कार्डं भरायची, कपाटं लावायची, आणि कुणी बघत नसताना वाचायचं. अण्णा माझा थोरला भाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. शनिवारी तो वाचनालयात आला. तो कधीच तिथं येत नसे.

“सोमवारी तुला सुट्टी ना? पुण्याला चल. हत्यारं घ्यायचीत.”

“मला त्यातलं काय कळतं, अण्णा?”

“तुला कळायला नकोच आहे. तू नुसता चल.”

त्याच्याकडे हत्यारं होती. पंचवीस वर्षं वापरून त्यांच्या मुठी त्याच्या हातासारख्याच काळ्या, गुळगुळीत झाल्या होत्या. पण अलीकडे त्याचा हात कापायचा. बारीक सांध्यावर डाख द्यायला गेला की वितळलेला थेंब शेजारच्या तारेवर पडायचा. मग तो डाख द्यायचा सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवून द्यायचा आणि त्याची मुलगी बकुळ, जी खरं तर अभ्यासाची वही घेऊन तिथं बसलेली असायची, ती निमूटपणे उठून तो थेंब काढून नीट डाख द्यायची. मी हे दोन-तीनदा पाहिलं होतं. पोरीचा वेळ जातो, एवढंच मला वाटलं होतं. बकुळ तेव्हा सतरा वर्षांची. मला बघितलं की विचारायची, “काका, तुमच्या पुस्तकातला रेडिओ वाजतो का हो?”

दुकान पुढे कोण चालवणार, हा प्रश्न घरात होता. कुणी बोलत नसे, पण जेवताना ताटापाशी येऊन बसल्यासारखा असे. अण्णाला मुलगा नव्हता. राहिलो मी. चौदा वर्षांचा असताना वडिलांनी मला दुकानात बसवलं होतं. तिसऱ्याच दिवशी मी मांडीवर गोष्टीचं पुस्तक घेऊन तापलेला आयर्न एका गिऱ्हाइकाच्या रेडिओच्या लाकडी पेटीवर ठेवला. भोक पडलं. वडील ओरडले नाहीत. माझे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन, उलटसुलट करून पाहून म्हणाले, “हे हात कामाचे नाहीत.” त्यानंतर मी त्या काउंटरच्या आत पाऊल टाकलं नाही.

आणि आता अण्णा माझा हात मागत होता.

“हं, ही धर.” हसमुखभाईंनी दुसरी नोज प्लायर काढली होती. आखूड, लाल मुठींची. ती माझ्या हातात सहज बसली. अण्णानं माझी बोटं एकेक करून नीट लावली, करंगळीसुद्धा. मग तीच पक्कड घेऊन दाराशी गेला, जबडे मिटून डोळ्यांसमोर उजेडात धरले.

“बघ. मधून उजेड दिसतो?”

मी पाहिलं. “नाही.”

“टोकापाशी?”

“तिथंही नाही.”

“ही घ्यायची. केसाएवढा उजेड दिसला तर बारीक तार निसटते.”

कटर, चिमटा, तीन स्क्रू ड्रायव्हर, सगळं असंच झालं. प्रत्येक वस्तू आधी माझ्या हातात, मग उजेडात. चिमट्याच्या वेळी त्यानं मला काउंटरवरचा मोहरीएवढा सुटा भाग उचलायला लावला. माझ्या हातून तो दोनदा उडाला. हसमुखभाई गालातल्या गालात हसत होते. माझे कान तापले होते.

“चिमटा बरा आहे,” अण्णा म्हणाला. “याची सवय नाही, एवढंच.”

सोल्डरिंग आयर्नच्या वेळी हसमुखभाईंनी साठ वॅटचा पुढे केला. “अण्णा, तुम्ही कायम हाच नेता.”

“माझ्यासाठी नकोय. पंचवीसचा द्या. हलका. तास-दोन तास धरला तरी मनगट दुखू नये.”

माझ्यासाठी नकोय. मी ते स्पष्ट ऐकलं. काउंटरच्या काचेत माझा चेहरा दिसत होता, तो पुस्तक वाचत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा मुळीच नव्हता. म्हणजे ठरलं आहे, मला वाटलं. यानं मनाशी ठरवून टाकलं आहे. सदतिसाव्या वर्षी मी काउंटरच्या आत बसणार.

त्यानं आयर्नची वायर जिथं मुठीत शिरते तिथं वाकवून पाहिली, आयर्न बोटावर आडवा तोलला, माझ्या हातात दिला. “पेन्सिल धरतोस तसा धर.”

मी धरला.

“बरोबर,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात इतका आनंद होता की मला भीती वाटली.

मीटर निवडायला अर्धा तास गेला. हसमुखभाईंनी काट्याचे तीन मीटर मांडले. आपण अगदीच मठ्ठ दिसू नये म्हणून आदल्या रात्री वाचनालयातून आणलेल्या पुस्तकातलं मी बोलून टाकलं, “व्होल्टला वीस हजार ओहम पाहिजेत ना?”

हसमुखभाईंनी भुवया उंचावल्या. “अरे वा! साहेब शिकून आलेत!”

अण्णा मात्र माझ्याकडे वळला. “बरोबर वाचलंस. का पाहिजेत, ते आहे पुस्तकात?”

“ते… तेवढं नाही आठवत.”

“मीटर लावल्यानं सर्किटवर भार पडू नये म्हणून. नाहीतर जे मोजायला गेलो तेच मोजण्यानं बदलतं आणि चुकीच्या जागी हात घालतो माणूस.”

मग त्यानं तिन्ही मीटरांत नवे सेल घातले, एकच बॅटरी तिन्हींनी मोजली. दोन मीटरांचे काटे एका ठिकाणी थांबले, तिसऱ्याचा थोडा अलीकडे. तो बाद झाला. उरलेले दोन त्यानं आडवे ठेवून पाहिले, उभे करून पाहिले. एकाचा काटा उभं केल्यावर शून्यावरून सरकला. तोही बाद. राहिलेला त्यानं माझ्या दोन्ही हातांत दिला.

“जड नाही ना?”

“नाही.”

खोक्यात माहितीची पुस्तिका होती आणि तिच्यात गॅरंटीचं कार्ड. हसमुखभाईंनी त्यावर शिक्का मारला, पेनचं टोपण काढलं. “नाव काय लिहू?”

“मी लिहितो.” अण्णानं पेन घेतलं, आमच्याकडे पाठ करून, कापणारा हात दुसऱ्या हातानं धरून, सावकाश लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. कार्ड पुस्तिकेत, पुस्तिका खोक्याच्या तळाशी. जे छापलेलं असेल ते वाचणाऱ्या माणसाला त्या क्षणी ते वाचावंसं वाटलं नाही. मी बाहेर रस्त्याकडे बघत होतो.

शेवटी डाखासाठी राळेची डबी आणि पत्र्याची एक हिरवी पेटी घेऊन सगळं तिच्यात भरलं. स्वारगेटला जाताना अण्णा वाटेत चार-पाचदा थांबला. एकदा चपलांच्या दुकानासमोर, एकदा सायकलींच्या. काचेला हात टेकून आत बघत राहायचा. मला वाटलं, आज खरेदीच्या लहरीत आहे.

एसटीत पेटी माझ्या मांडीवर होती. सासवड मागे पडल्यावर तो म्हणाला, “ही तुझ्याकडे ठेव. घरी बोलू नकोस कुणाला. तुझी वहिनी आत्तापासून कटकट करेल.”

“अण्णा, पण…”

“खंडेनवमीला घेऊन ये. पूजेत मांडू. पूजा झाली की मग बोलतो सगळ्यांसमोर.”

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होई. आयर्न, पकडी, मीटर पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. नवं हत्यार त्या दिवशी पूजेत गेल्याशिवाय वडील कामाला लावू देत नसत. अण्णानंही ते सोडलं नव्हतं.

“अण्णा, मला जमणार नाही रे,” मी म्हणालो. पण ते मी इतक्या हळू म्हणालो की एसटीच्या खडखडाटात माझं मलाच ऐकू आलं नाही. तो खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसला होता. थोड्या वेळानं डोळे न उघडताच म्हणाला, “आणि सेल काढून ठेव हं मीटरमधले. आत राहिले तर गळतात.”

मी हो म्हणालो.

घरी येऊन पेटी कपाटात, बांधीव मासिकांच्या मागे ठेवली. सेल काढायला मीटरच्या पाठचा स्क्रू उघडावा लागणार होता. आपण काहीतरी मोडू, अशी मला धास्ती वाटली. उद्या काढू म्हटलं.

नवरात्रात तिसऱ्या माळेला अण्णा गेला. दुकानातच, स्टुलावर बसलेला असताना. हृदय मोठं झालं होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. त्याला सहा महिन्यांपासून माहीत होतं, असंही म्हणाले. खंडेनवमी सुतकात आली. त्या वर्षी पूजा झाली नाही.

गोडजेवणाच्या दिवशी दुपारी दुकानाचा विषय निघाला. वहिनीचे थोरले भाऊ, जगन्नाथमामा, अकलूजहून आले होते. मोठ्या आवाजाचा, पण वाईट नसलेला माणूस.

“जागा मोक्याची आहे,” ते म्हणाले. “कापडाचं दुकान टाकायला एक जण तयार आहे. माझ्या बहिणीचं आयुष्यभराचं भागेल. नाहीतर मग मुकुंदा, तुम्ही बसता का दुकानात? तुमच्या वडिलांचं आहे.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझ्या डोळ्यांसमोर ती हिरवी पेटी आली. आता पेटीचं बोललो की संपलंच. अण्णाची शेवटची इच्छा म्हणून मला तिथं बसवतील, आणि मी त्या इच्छेला भोकं पाडत राहीन.

“मला… मला त्यातलं काही येत नाही,” मी म्हणालो.

“मला येतं,” दारातून आवाज आला.

बकुळ उभी होती. डोळे सुजलेले, पण आवाज स्वच्छ. “मी चालवते. रेडिओ येतात मला, टेपरेकॉर्डर येतात. टीव्हीचं अण्णांनी अर्धं शिकवलंय. उरलेलं शिकेन.”

“बाळ, शिकलीस ते बरंच आहे,” मामा म्हणाले, “पण दिवसभर रस्त्यावरच्या दुकानात, चार बाप्यांत… उद्या स्थळ बघायचं तर काय सांगू आम्ही? तुझा बाप बोलला होता का असं कधी? कुणाला बोलला असेल तर सांगू दे.”

“बोलले नाहीत. पण त्यांच्या मनात होतं.”

“मनातलं कुणाला कळतं, बकू?” वहिनी म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली.

बकुळ माझ्याकडे वळली. “काका, तुम्ही त्यांच्याबरोबर पुण्याला गेला होतात ना? काही बोलले होते का? सांगा ना काका. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील.”

मी मनात म्हटलं, बोलला ते माझ्याविषयी बोलला, पोरी. ते सांगून तुझा काय फायदा? आणि मला ते सांगायचं नव्हतं.

“विशेष काही नाही,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली. मग आत जाऊन भांडी घासू लागली. भांडी जोरात वाजत नव्हती, हे मला आठवतं.

दिवाळीनंतर दुकानावर कापडाची पाटी लागली. जुनी हत्यारं वजनावर गेली. बकुळचं एकोणिसाव्या वर्षी अकलूजलाच लग्न झालं, किराणा मालाच्या मोठ्या कुटुंबात. माणसं चांगली मिळाली. ती सणावारी माझ्याकडे येत राहिली, माझी पत्नी आजारी होती तेव्हा महिनाभर राहून गेली. दुकानाचा विषय तिनं परत काढला नाही. पेटी माझ्याबरोबर तीन घरं फिरली, दर वेळी मासिकांच्या मागे. मी ती कधी उघडली नाही. अण्णानं विश्वासानं दिलेली आणि मी नाकारलेली वस्तू, असं मी तिच्याकडे बघत आलो. मला वाटायचं, एवढंच माझं पाप आहे.

गेल्या मार्चमध्ये मी घर आवरायला काढलं. मुलगा नाशिकला बोलावतो आहे. या वयात एकट्यानं राहणं जमत नाही. पुस्तकं बांधायला बकुळ आली. सत्तावन्न वर्षांची, चष्मा लागलेली, केस अर्धे पांढरे. सकाळी चटणी वाटताना माझा मिक्सर बंद पडला. तिनं तो ओट्यावर पालथा घातला आणि भाजीच्या सुरीच्या टोकानं त्याचे स्क्रू फिरवायला लागली.

“अगं, हाताला लागेल!”

“सवय आहे काका. सासरी सगळ्या आळीचे मिक्सर मी असेच उघडते. सुरी न् नेलकटर. माझे दीर म्हणतात, वहिनी, तुमच्या माहेरी काय रेडिओचं दुकान होतं का?” ती हसली. “एक धड स्क्रू ड्रायव्हर नाही का हो तुमच्या घरात? एवढ्या पुस्तकांत कुठं दडला असेल तर बघा.”

मी उभा राहिलो. ते मी का केलं, मला सांगता येणार नाही. कदाचित आता नाशिकला नेऊन ती पेटी कुठल्या मासिकांच्या मागे ठेवायची, हे सुचत नव्हतं म्हणून. मी ती आणून ओट्यावर ठेवली.

“हे काय?”

“अण्णानं घेतलं होतं. तेव्हा, पुण्याला. माझ्यासाठी.”

“तुमच्यासाठी?” ती मोठ्यानं हसली. “काका, तुम्हाला बल्ब बदलता येत नाही!”

तिनं कडी उघडली. राळेचा जुना वास आला. तिचं हसू थांबलं. लाल मुठींची नोज प्लायर तिनं उचलली. बोटं लावावी लागली नाहीत. अंगठा, तर्जनी, करंगळी आपापल्या जागी गेली. तिनं ती एकदा उघडली, मिटली, आणि खिडकीपाशी जाऊन मिटलेले जबडे डोळ्यांसमोर उजेडात धरले.

मी तिच्या हाताकडे पाहत होतो. लहान पंजा, निमुळती बोटं. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. आमचा हात एकाच मापाचा होता. चाळीस वर्षं ती मला वाढत होती, माझं सामान बांधत होती, आणि मी तो हात कधी पाहिला नव्हता.

“काका,” ती म्हणाली. मीटरचं खोकं तिनं उघडलं होतं. खालची पुस्तिका काढून ती चाळत होती. तिच्या हातात एक पिवळट कार्ड होतं. तिनं ते दोनदा वाचलं. मग कार्ड माझ्यासमोर ठेवलं आणि पाठमोरी होऊन मीटर बघू लागली.

शिक्का पुसट झाला होता. अक्षर थरथरतं, पण सुवाच्य होतं. मालकाचे नाव, या छापील शब्दांपुढे अण्णानं लिहिलं होतं: कु. बकुळ वामन कानडे, रेडिओ मेकॅनिक, फलटण.

आयुष्यभर मी नावांची कार्डं भरली आणि वाचली. हे एक माझ्या कपाटात होतं.

“बकू,” मी म्हणालो, “त्या दिवशी तू मला विचारलंस…”

“आठवतंय.”

“मला वाटलं होतं…”

“काका, राहू दे.”

तिनं मिक्सरसाठी घेतलेल्या स्क्रू ड्रायव्हरनं मीटरची पाठ उघडली. आतले सेल फुगून फुटले होते. पांढरा-हिरवा क्षार पत्र्यांवर, तारांवर, पार आतपर्यंत चढला होता. तिनं सुरीच्या टोकानं तो खरवडला, फडक्यानं पुसला. भिंतीवरच्या घड्याळातला आणि रिमोटमधला असे दोन सेल काढून आत घातले. मीटरच्या तारांच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या. काटा हलला नाही. तिनं पुन्हा पुसलं, पुन्हा टेकवल्या. मग पुन्हा एकदा.

शेवटी तिनं मीटर खोक्यात ठेवला.

“वापरायचा नसला तर सेल काढून ठेवायचे असतात, काका,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. अण्णाचाच वाटला.

मिक्सर तिनं दुरुस्त केला. चटणी वाटली. आम्ही जेवलो. संध्याकाळी निघताना तिनं चपला घातल्या, पिशवी खांद्याला लावली आणि दारात थांबली. परत आत आली. ओट्यावर पेटी तशीच उघडी होती.

“ही पक्कड मी नेऊ का?” तिनं मला विचारलं.